ब्रेक ऑइलने तिसऱ्यांदा रंग खाल्ला, पण चोर सापडला

मागच्या वेळी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं की बोनेटखालचं काम संपलं, आता फक्त दारं राहिली. शब्द गिळतो. परवा बोनेट उघडलं तर माझ्या मारुती ८०० च्या मास्टर सिलिंडरखालचा (पेडलचा दाब ब्रेक ऑइलमधून चाकांकडे धाडणारा भाग) रंग परत फुगलेला. नखाने ओढला, सायीसारखा निघून आला.

पहिल्या वेळी दोष एनसी (नायट्रोसेल्युलोजच्या) रंगाला दिला, तो रास्तच होता. एनसीला ब्रेक ऑइल म्हणजे थिनरच. दुसऱ्यांदा टूके (हार्डनर मिसळून लावायचा रंग) मारला, पण भर आषाढात, आणि चौथ्याच दिवशी ब्लीडिंगला, म्हणजे ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसलो. रंग आतून कच्चा. या खेपेला महिनाभर गाडीला हात लावला नाही, ब्रेक ऑइलच्या टाकीभोवती फडकी गुंडाळली, थेंब सांडू दिला नाही. मग आलं कुठून?

शेवटी सगळा भाग पुसून कोरडा केला आणि आईची टाल्कम पावडर भुरभुरवली. दोन दिवस वाडीपासून गुहागर बाजारापर्यंत फेऱ्या मारल्या. पावडरीत ओली रेघ उमटली. टाकीच्या झाकणाकडून नव्हे, सिलिंडर बोल्टने बसतो त्या सांध्यामागून! मागचं सील पाझरतंय. दिवसाला एखादाच थेंब, पण तो थेट बोल्टच्या भोकाकडे, आणि भोकाच्या कडेला रंग लावायचा आळस मी तिन्ही वेळा केला होता. उघड्या कडेतून ऑइल आत सरकतं आणि रंग खालून सोडवतं. वर टूके कितीही पक्का असो.

मधेच डॉट ५ या प्रकारच्या ब्रेक ऑइलचा किडा चावला. ते सिलिकॉनचं, रंगाला धक्का लावत नाही. पण नेहमीच्या ग्लायकॉलवाल्या डॉट ३-४ मध्ये मिसळत नाही, आख्खी लाइन साफ करावी लागते, आणि ते पाणी शोषत नसल्याने आत शिरलेलं पाणी खोलगट जागी साचून गंज धरतं. किनाऱ्यावरच्या हवेत नकोच. (डॉट ५.१ च्या नावाला भुलू नका, ते ग्लायकॉलचंच.) डॉट ४ नवं असताना निदान २३० अंशांना उकळतं, पाणी प्यायलं की ती मर्यादा १५५ वर येते. म्हणून मी दर वर्षी बदलतो. म्हणजे सांडायची संधीही दर वर्षी.

एक जमलेली गोष्ट: बोनेटवरचा फणसाचा चीक. मी पेट्रोलचा बोळा घेऊन निघालो होतो. आई म्हणाली, "हातावरचा तेलानं जातो, तर गाडीवरचा नाही जाणार?" खोबरेल लावून दहा मिनिटं ठेवलं, मऊ फडक्याने अलगद निघाला, मग शाम्पूने धुतलं. मे महिन्यातले हापूसच्या चिकाचे डाग मात्र रंगात उतरलेत. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर आणि रबिंगशिवाय गत्यंतर नाही.

सील किट आलं. आधीच्या दुकानदाराने कडक झालेलं रबर गळ्यात मारलं होतं, म्हणून या वेळी दुसरीकडून, थोडं महाग. ठरवलं होतं की आधी रंग, मग सील. लिहिता लिहिता लक्षात आलं, उलटच हवं: सील, पुन्हा पावडर, आठवडाभर कोरडं राहिलं तरच भोकांच्या आतपर्यंत इपॉक्सी प्रायमर आणि वर टूके. तोही गणपतीनंतर, ऊन बघून.

रविवारी ब्लीडिंग. पुतण्या पेडलवर, मी चाकाजवळच्या निपलवर (हवा सोडायच्या तोटीवर), आणि आई बोनेटपाशी पाण्याची बाटली घेऊन. तिला बजावलंय, थेंब दिसला की पुसायचा नाही, भरपूर पाणी ओतायचं.