मोतीबिंदूच्या आधी पडदा

आमच्या आर्वी तालुक्यात पन्नाशी ओलांडलेल्या बाईला अंधुक दिसायला लागलं, की गावभर एकच निदान होतं, "मोतीबिंदू हाय, काढून टाका." मलाही सगळ्यांनी तेच सांगितलं. मला शुगर होऊन बरीच वर्षं झाली. गोळ्या चालू आहेत, पायाला मुंग्या येतात तेही डॉक्टरांना माहीत होतं. पण शुगर आणि डोळा यांचा संबंध तोवर कोणी माझ्याजवळ बोललं नव्हतं. कापूस वेचताना उजव्या डोळ्यापुढे काळे धागे तरंगायचे. पांढऱ्या बोंडावर ते फार ठळक दिसत. बाजारातल्या चष्मेवाल्याकडून नंबर काढून घेतला, तर थोड्याच दिवसांत तो चष्मा लागेना. पुढे कळलं, की शुगर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं आणि नंबर सरकतो. म्हणून शुगर स्थिर झाल्यावरच चष्मा करायचा असतो.

गावात नेत्रशिबिर आलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी बॅटरीने डोळा पाहिला आणि विचारलं, "काकू, शुगर आहे ना? पडदा कधी तपासला?" मी म्हटलं, "पडदा कोणता जी?" त्यांनी थांबून सांगितलं, की डोळ्याच्या आत मागच्या बाजूला पडदा असतो, त्यावर चित्र उमटतं. तो खराब असेल तर वरचा मोतीबिंदू काढूनही दिसत नाही. मोतीबिंदू माझ्या डोळ्यात होताच, पण त्यांनी ऑपरेशनच्या यादीत नाव घातलं नाही, आधी सेवाग्रामला पडदा दाखवा म्हणाले. घरी मुलगा चिडला. शिबिरवाले गाडीने नेतात, ऑपरेशन करून आणून सोडतात, मग सेवाग्रामला खेपा कशाला? मला मात्र त्या डॉक्टरांचं बोलणं पटलं होतं.

सेवाग्राम वर्ध्यापासून ८ किलोमीटर. १९६९ साली तिथे देशातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं, त्यामुळे आमच्याकडे मोठ्या आजाराला पहिलं नाव त्या कॉलेजच्या कस्तुरबा दवाखान्याचंच निघतं. एसटीत बायकांना तिकीट अर्धं आहे, तेवढा भार हलका.

पडद्याची तपासणी दुखत नाही, वेळ मात्र खाते. आधी अक्षरं वाचून घेतात, मग डोळ्यात थेंब टाकून बसवतात. बाहुली पूर्ण उघडेपर्यंत पुन्हा पुन्हा थेंब. शुगरच्या माणसाने या दिवशी उपाशी जाऊ नये. मी भाकर, मेथीची भाजी आणि सकाळच्या गोळ्या सोबत नेल्या होत्या आणि रांगेतच जेवले. थेंबांचा परिणाम बरेच तास राहतो. जवळचं काही दिसत नाही, उजेड सहन होत नाही. आमच्याकडच्या उन्हात तर डोळा उघडवत नाही. म्हणून सोबत माणूस हवाच, आणि काळा चष्मा नाहीतर डोक्यावरून ओढायला दुपट्टा हवा.

तिथल्या डॉक्टर मॅडमनी माझ्या पडद्याचा फोटो स्क्रीनवर दाखवला. नारिंगी गोल, त्यावर लाल ठिपके आणि पिवळसर कण. वर्षानुवर्षं वाढलेल्या शुगरने पडद्यावरच्या बारीक नसा कमजोर होतात. लाल ठिपके म्हणजे त्यांतून आलेलं रक्त, पिवळे कण म्हणजे झिरपलेली चरबी. उजव्या डोळ्यात काही नसा बंद पडल्या होत्या. रक्त पोचत नाही म्हणून पडदा नव्या नसा वाढवतो, पण त्या इतक्या नाजूक असतात की आपोआप फुटतात. मला दिसणारे काळे धागे म्हणजे तेच सांडलेलं रक्त. डाव्या डोळ्यात पडद्याच्या मधोमध सूज होती. आजाराचं नाव डायबेटिक रेटिनोपॅथी. यात सुरुवातीला काहीच जाणवत नाही, हे ऐकून मी सगळ्यात जास्त हादरले. दुखत नाही, लाल होत नाही, नजरही चांगली असते. म्हणून या प्रकारच्या शुगरमध्ये, म्हणजे मोठेपणी होते तिच्यात, आजार कळल्याबरोबर एकदा आणि मग दरवर्षी पडदा बघायचा असतो.

उजव्या डोळ्याला लेझर ठरलं. हनुवटी टेकवून बसायचं, डोळ्यावर भिंग ठेवतात आणि मग झगझगीत उजेडाचे फटके सुरू होतात. बधिर करायचे थेंब टाकतात, तरी काही फटक्यांना आतून ठणका लागतो. एकाच बैठकीत सगळं होत नाही. यात पडद्याची कड जाळतात, म्हणजे नव्या नसांची वाढ थांबते. आपला पडदा जाळू द्यायचा या विचाराने मला रात्री झोप आली नव्हती. पण विहिरीला पाणी पुरेना झालं, की आमच्याकडे संत्र्याच्या बगीच्यातली कडेची झाडं सोडून मधली जगवतात, तसंच हे आहे. मॅडमनी आधीच सांगितलं होतं, की गेलेली नजर लेझरने परत येत नाही, उरलेली टिकते आणि अंधारात थोडं कमी दिसेल. तसं झालं. संध्याकाळी वावरातून एकटी येणं मी बंद केलं आहे.

डाव्या डोळ्याला इंजेक्शन. डोळ्यात सुई म्हटल्यावर आमचे हेसुद्धा म्हणाले, राहू दे. त्यात गावात बातमी पसरली, की हिला कॅन्सरचं औषध देऊन राहिले. बातमी अगदीच खोटी नव्हती. ते औषध मूळचं आतड्याच्या कॅन्सरसाठी निघालं. ते नव्या रक्तवाहिन्या वाढवणाऱ्या पदार्थाला अडवतं, आणि डोळ्यात तोच पदार्थ सूज आणतो. डोळ्याला त्याचा अगदी छोटा डोस लागतो. बुबुळाच्या बाजूला पांढऱ्या भागात सुई देतात. थेंबांनी डोळा बधिर असतो, नुसता दाब कळतो. नंतर पांढऱ्यावर लाल डाग पडला, तो आपोआप गेला. सूज एका सुईत उतरत नाही, महिन्याच्या अंतराने पुन्हा घ्यावी लागते. इथेच पुष्कळ लोक सोडून देतात. सोयाबीनच्या सवंगणीत तारीख आली होती तेव्हा घरात बोलणी झाली, पण मी गेले.

खर्चाचं सांगायचं तर रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर आपल्या उपचाराला काय लागू होतं ते आधी विचारा.

डोळ्यासोबत बीपी बघितलं, लघवीतून प्रथिनं जातात का तेही. पडद्याच्या नसा बिघडल्या तर किडनीच्याही बिघडलेल्या असू शकतात, म्हणून. तीन महिन्यांची सरासरी शुगर, एचबीए१सी, माझी १० च्या वर होती. ती ७ च्या आसपास आणायला सांगितली. आता रेशनच्या तांदळाऐवजी ज्वारीची भाकर जास्त आणि चहा बिनसाखरेचा. एकादशीचा साबुदाणा बंद केला, त्यावरून सासूबाईंशी थोडं वाजलं.

पडदा शांत झाल्यावर उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. आता त्या डोळ्याने भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतं, बसची पाटीही दिसते. अचानक जाळं आलं किंवा डोळ्यापुढे पडदा ओढल्यासारखं झालं, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचं, असं कार्डावर लाल अक्षरात लिहून दिलं आहे.

मागच्या खेपेला मी जाऊबाईंना सोबत नेलं. त्यांनाही शुगर आहे आणि दिसायला काही त्रास नाही, म्हणून त्या यायला तयार नव्हत्या. त्यांचा पडदा स्वच्छ निघाला. त्यांना पुढच्या वर्षीची तारीख मिळाली, मला चार महिन्यांनंतरची.