आमची वाटचाल : कॅसेटमधली कॉर्ड कागदावर

ऑर्केस्ट्रांना गाण्यांचे कॉर्ड-चार्ट करून देणं हा आमचा धंदा. कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर, आणि गाण्यात कुठे कोणती कॉर्ड वाजते ते चार्टवर लिहिलेलं असतं. कॅसेट यायची, कान लावायचा, कागद जायचा. बरीच वर्षं सुरळीत गेली. लिहायचंय ते चाळीस गाण्यांच्या एका ऑर्डरबद्दल, कारण तिनं दुकानाला कुलूप लागायची वेळ आणली होती.

तेव्हा कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग तपासायचं सॉनिक व्हिज्युअलायझर हे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडायचं, कॉर्ड ओळखणारं कॉर्डिनो प्लगइन नुकतंच घेतलं होतं. दोन्ही फुकट, लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातली. बारा सुरांपैकी कोणता किती जोरात वाजतोय ते मोजून कॉर्डिनो कॉर्डला नाव देतं आणि रेकॉर्डिंगचं ट्यूनिंगही स्वतःच जुळवून घेतं. आमचा घात झाला तो या जुळवण्यातच. कॅसेट डेक ३ टक्के जोरात फिरत होता. ३ टक्के म्हणजे जवळजवळ अर्धा सेमीटोन (पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचा निम्मा), सूर दोन पट्ट्यांच्या ऐन मधे. काही गाणी प्लगइननं खाली ओढली, ती बरोबर निघाली. काही वर ओढली. तालमीत कीबोर्डवाला मूळ पट्टीत आणि गिटारवाला अर्धा स्वर चढा! सगळे चार्ट परत आले, पैसेही परत द्यावे लागले. आता प्रत्येक डेकवर आधी ३१५० हर्ट्झचा (सेकंदाला ३१५० कंपनांचा) एकच सूर भरलेली टेस्ट कॅसेट लागते. आकडा ३२४५ च्या आसपास दिसला, की वेग दुरुस्त होईपर्यंत एकही गाणं उतरवायचं नाही.

त्याच महिन्यात जवळच एकानं ‘दहा मिनिटांत चार्ट’ अशी पाटी लावली, निम्म्या दरात. सॉफ्टवेअरनं दिलेलं नाव जसंच्या तसं कागदावर! आमची गिऱ्हाइकं तिकडे गेली, हे आजही खुपतं. साताऱ्याचे एक ऑर्केस्ट्रावाले काका मात्र एका गाण्याचे दोन्हीकडचे कागद घेऊन आले. पट्टी पांढरी एक, म्हणजे सा हा सी. मुखडा संपतो तिथे त्यांच्याकडे ए मायनर सेव्हन्थ, आमच्याकडे सी सिक्स्थ. सूर दोन्हींचे तेच: सी, ई, जी, ए. नाव ठरतं ते बासवरून, म्हणजे सगळ्यांत खालच्या सुरावरून: ए असेल तर त्यांचं बरोबर, सी असेल तर आमचं. काकांनी दुकानातल्या पेटीवर खालचा सी दाबून धरला, रेकॉर्ड लावली आणि म्हणाले, “बास इथं बसलाय. तुमचा कागद बरोबर.” तेव्हापासून त्यांचं काम आमच्याकडेच, तेही आगाऊ पैसे देऊन.

म्हणून नवीन मुलांना सांगतो, कॉर्डच्या नावाआधी बास शोधा. २५० हर्ट्झच्या वरचं कापा, उरलेलं एक सप्तक वर चढवा. बास गिटारचा खालचा ई ४१ हर्ट्झचा, छोट्या स्पीकरवर तो ऐकूच येत नाही. स्पेक्ट्रोग्राम म्हणजे कोणता सूर कधी वाजतो याचं चित्र. त्याची विंडो, म्हणजे एका मापात घेतलेले आवाजाचे नमुने, ४०९६ ठेवलीत तर मोजमाप ११ हर्ट्झच्या टप्प्यांनी होतं. गिटारचा खालचा ई ८२.४ आणि एफ ८७.३, म्हणजे दोन्ही मिळून एकच पट्टा दिसणार. १६३८४ केली की सुटे दिसू लागतात, पण प्रत्येक माप ०.३७ सेकंदाचं होतं आणि भराभर बदलणाऱ्या कॉर्ड एकमेकींत मिसळतात. सूर मोठ्या विंडोत बघा, बदलाची जागा छोट्या विंडोत.

आपल्या गाण्यांत तबल्याचं वेगळंच. दायाँ सा ला लावलेला, तो सतत घुमतो आणि सॉफ्टवेअर तो सा कॉर्डमध्ये धरतं. पांढरी एकमध्ये साधा डी मायनर मग डी मायनर सेव्हन्थ होतो. दोन बोलांमधला तुकडा निवडून लूपवर ऐका, खरा सेव्हन्थ असेल तर तिथेही उरेल. डिस्टॉर्शनमध्ये, म्हणजे गिटारच्या फाटक्या आवाजात, नुसता मूळ सूर आणि पंचम असला तरी मेजर लिहून येतं, कारण मूळ सुराच्या पाचव्या हार्मॉनिकमध्ये (पाचपट कंपनांच्या उपसुरात) मेजर थर्ड, म्हणजे शुद्ध गंधार असतो. बाकीची वाद्यं मायनर धरून असतील तर त्यांचं ऐका.

कॉर्ड गिटारच्या मानेवर कुठे धरली होती, ते कॉर्डिनो सांगत नाही. उघड्या तारांवरचा सी आणि तिसऱ्या फ्रेटवर एक बोट आडवं टाकून धरलेला बार सी, दोन्हींना तेच नाव. ते अजून गिटार हातात घेऊनच शोधतो. आमच्या चार्टवर प्रत्येक कॉर्डखाली बासचा सूर लाल शाईनं असतो, आणि काकांच्या कागदावर शेजारी फ्रेटचा आकडाही.