नवा सेट, नवी कार्डं आणि मेटाचे अर्धवट आकडे

‘मॅजिक: द गॅदरिंग’ या कार्डांच्या खेळाचा नवा सेट, म्हणजे नव्या कार्डांचा संच, आला की स्पर्धेआधी दोन कामं असतात: कार्डं जोखायची आणि बाकीचे काय खेळणार, म्हणजेच ‘मेटा’, याचा अंदाज बांधायचा. पहिलं काम माझं भराभर उरकलं. दुसऱ्यानं मात्र जीव मेटाकुटीला आणला, आणि त्याची चिडचिड अजून गेलेली नाही.

कार्डांचं थोडक्यात सांगतो. प्रत्येक कार्डाबद्दल मी तीन प्रश्न विचारतो. मी हरत असताना हे हातात आलं तर उपयोगी पडेल का? समोरच्यानं लगेच मारलं तर माझ्या पदरात काही उरेल का? आणि कोपऱ्यात छापलेली किंमत खरंच मोजावी लागते का? हा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा. सप्टेंबर २०१४ मध्ये आलेल्या ‘ट्रेझर क्रूझ’ची छापील किंमत आठ माना (कार्ड खेळायला खर्चायची शक्ती) होती, तीन कार्डं ओढण्यासाठी. वाचताना महागच वाटतं. पण त्यावरच्या ‘डेल्व्ह’ या क्षमतेमुळे ग्रेव्हयार्डमधलं, म्हणजे वापरून झालेल्या कार्डांच्या ढिगातलं, एकेक कार्ड कायमचं बाहेर काढून त्यातले सात माना वाचवता येतात. मॉडर्न या स्पर्धाप्रकारात फेच लँड (स्वतः ग्रेव्हयार्डमध्ये जाऊन दुसरं लँड, म्हणजे माना देणारं कार्ड, शोधून आणणारी कार्डं) आणि स्वस्त स्पेल (मंत्राची कार्डं) यांनी ग्रेव्हयार्ड झपाट्यानं भरतं. जानेवारी २०१५ मध्ये ते कार्ड मॉडर्नमधून बॅन झालं. म्हणून मी कार्ड एकटं वाचत नाही, ते ज्या डेकमध्ये (खेळाडूनं निवडलेल्या कार्डांच्या गठ्ठ्यात) जाणार त्याच्या शेजारी ठेवून वाचतो.

आता मेटा. जिथे बघावं तिथे स्पर्धेत पहिल्या आठांत आलेल्या डेकचेच आकडे. अमुक डेकचे आठांत तीन! अहो, पण तो आणला किती जणांनी? चाळीस जणांनी आणून तिघं पोचले की सहा जणांनी आणून तिघं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि नेमका तोच आकडा गायब. एका मोठ्या स्पर्धेच्या आयोजकांकडे मी सगळ्या डेकच्या याद्या मागितल्या. उत्तर एकच, ‘लवकरच टाकतो’. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. इकडे माझी डेकलिस्ट द्यायची मुदत जवळ येत होती. ज्यांच्याकडे यादी तयार असते त्यांनी ती दाबून का ठेवावी, हे मला आजही पटत नाही.

तोवर जिंकण्याच्या टक्केवारीवर भागवावं म्हटलं, तर तिथे आणखी वैताग. एका मॅचअपपुढे (दोन ठरावीक डेकच्या लढतीपुढे) ठळक ५५ टक्के, आणि खाली बारीक अक्षरात: मॅच २०. म्हणजे ११ विजय. नुसतं नाणं उडवलं तरी विसात ११ किंवा जास्त छापे पडण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के असते! मॅच किती झाल्या हे आधी बघा, टक्के नंतर.

अखेर याद्या आल्या, अगदी मुदतीच्या तोंडावर, आणि मला खरोखर हायसं वाटलं. लगेच हिशेब मांडला. माझा डेक ॲग्रोविरुद्ध (झटपट हल्ला करणारे डेक) ६० टक्के मॅच जिंकतो, मिडरेंजविरुद्ध (मधल्या गतीचे) ४५, कंट्रोलविरुद्ध (समोरच्याला रोखत खेळ लांबवणारे) ४०. मैदानात ॲग्रो ४०, मिडरेंज ३५, कंट्रोल २५ टक्के असेल तर एकूण ४९.७५, जवळपास बरोबरी. पण नव्या सेटमधलं सगळ्यात चांगलं कार्ड कंट्रोलचं होतं. कंट्रोल ४० वर गेलं आणि ॲग्रो २५ वर आलं की तोच डेक ४६.७५ वर घसरतो. मी डेक बदलला, आणि त्या निर्णयाचा मला अभिमान आहे.

एक सांगायचं राहिलं. सराव करताना पहिल्याच गेमवर थांबू नका. तीनपैकी दोन गेम जिंकायच्या मॅचमध्ये निदान निम्मे गेम साइडबोर्ड केल्यानंतरचे, म्हणजे राखीव १५ कार्डांतली काही डेकमध्ये बदलून घेतल्यानंतरचे असतात, त्यामुळे नवं कार्ड आधी त्या १५ कार्डांत बसतंय का ते बघा. आणि ६० कार्डांच्या डेकमध्ये चार प्रती ठेवल्या तरी पहिल्या सात कार्डांत ते येण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या आसपासच असते. ते आलंच नाही तर डेक काय करतो, हेही खेळून बघा.