आमची वाटचाल: हायड्रॉलिक होजपासून ऑइल कूलरपर्यंत

बेळगावच्या उद्यमबागेतला आमचा गाळा मूळचा हायड्रॉलिक होजचा, म्हणजे जास्त दाबाचं तेल वाहणाऱ्या रबरी पाइपांचा. वडिलांनी भाड्याच्या जागेत क्रिंपिंगचं, म्हणजे होजच्या टोकाला फिटिंग दाबून बसवायचं मशीन टाकलं, पुढे जोडीला एक लेथ आला. जेसीबीचे, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे, कारखान्यांतल्या प्रेसचे पाइप बनवण्यात त्यांची हयात गेली. बेळगावात फाउंड्री आणि हायड्रॉलिकची कामं चिक्कार, त्यामुळे गाळा कधी रिकामा बसला नाही. जुन्या गाड्यांकडे आम्ही वळलो ते मी कामावर बसायला लागल्यानंतर.

निमित्त झालं कणकुंबीकडच्या एका वडापवाल्याचं, म्हणजे जीपमधून प्रवासी ने-आण करणाऱ्याचं. जुनी महिंद्रा जीप, आत २,११२ सीसीचं प्यूजो डिझेल इंजिन. गोव्यातल्या साखळीहून भरल्या गाडीनं चोर्ला घाट चढून आलं, की वर न्यूट्रलला ऑइल प्रेशरचा काटा खाली बसायचा. पाणी तापत नव्हतं, रेडिएटर नवा होता. वडिलांना म्हणाला, "अण्णा, प्रेसला बसवता तसा कूलर हिला बसवा की."

ऑइल कूलर म्हणजे तेल गार करणारा छोटा रेडिएटर. वडिलांनी त्याला हात लावायच्या आधी ऑइल प्रेशर मोजायचा साधा मेकॅनिकल गेज लावला. आजही आमच्याकडे पहिलं काम तेच. गावातल्या गावात फिरूनही प्रेशर पडत असेल तर बेअरिंग किंवा पंप गेलेला असतो. तिथे कूलर लावणं म्हणजे गिऱ्हाइकाचे पैसे पाण्यात. पण एरवी प्रेशर ठीक आणि घाट चढल्यावरच पडत असेल, तर दोष ऑइलच्या तापमानाचा. तापलेलं ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगच्या फटीतून निसटतं. साधारण ९० ते ११० अंश सेल्सिअसपर्यंत काळजी नाही; १३० च्या वर मिनरल ऑइल फार लवकर खराब होतं. त्या जीपची बेअरिंग शाबूत होती, म्हणून काम हातात घेतलं.

खरा विचार करावा लागला तो होजचा, आणि तो आमचाच विषय. इंजिन ऑइलचं प्रेशर गरम असताना चार-पाच बार. आमचा होज दोनशे बार सहज झेलतो, म्हणून कुणालाही वाटेल की रॅकवरचा कुठलाही तुकडा चालेल. चालत नाही. साध्या हायड्रॉलिक होजच्या आतलं नायट्राइल रबर सतत १०० अंशांपर्यंतच धरलेलं असतं. इंजिनचं ऑइल त्यापुढे जातं, रबर आतून कडक होऊन तडकतं आणि त्याचे कण थेट ऑइलच्या वाटेत शिरतात. म्हणून आम्ही आतून टेफ्लॉन आणि बाहेरून स्टीलची जाळी असलेला होजच वापरतो. महाग पडतो, पण त्यात घासाघीस ऐकून घेत नाही. कापल्यावर प्रत्येक तुकडा आतून धुऊन हवेनं फुंकायचा आणि आट्यांना टेफ्लॉन टेप लावायची नाही, हा वडिलांचा दंडक. टेपचा एक दोरा सुटून ऑइलच्या बारीक वाटेत अडकला तरी इंजिन जाऊ शकतं.

ऑइल फिल्टर आणि इंजिनचा ब्लॉक यांच्यामध्ये सँडविच प्लेट बसते; तिच्यातून ऑइल कूलरकडे जातं आणि परत येतं. फिल्टरचे आटे काही गाड्यांना पाऊण इंच व्यासाचे, इंचाला १६, तर काहींना २० मिलिमीटर व्यासाचे, दीड मिलिमीटर पिचाचे. ते मोजूनच प्लेट घ्यायची. वाटीतला कागदी फिल्टर असलेल्या जुन्या इंजिनांना ती बसत नाही, त्यांचा अ‍ॅडॉप्टर आम्ही लेथवर काढतो. १,०८९ सीसीची पद्मिनी आणि १,४८९ सीसीची अँबेसेडर जपणारी माणसं निपाणी-चिकोडीकडून येतात ती बहुधा अशा खास कामासाठीच.

थर्मोस्टॅटशिवायची प्लेट मात्र आम्ही बसवत नाही. ऑइल ८० अंशांच्या आसपास पोचेपर्यंत ते कूलरकडे जाता कामा नये. पावसाळ्यात खानापूर-जांबोटीकडे हवा इतकी गार असते, की उघडा कूलर ऑइलला तापूच देत नाही; मग त्यातला पाण्याचा अंश उडत नाही आणि व्हॉल्व्ह कव्हरखाली दुधाळ चिकटा धरतो. थंड ऑइलही इंजिनला तेवढंच वाईट, हे गिऱ्हाइकाला पटवायला जास्त वेळ लागतो.

कूलर रेडिएटरच्या पुढे, मध्ये फट ठेवून, रबरी बुशांवर बसवतो. शक्यतो तोंडं वर, म्हणजे हवा अडकत नाही आणि गाडी बंद केल्यावर ऑइल परत सांडत नाही. होज एक्झॉस्टपासून आणि स्टिअरिंगपासून लांब. डिझेल बंद करून, पेट्रोल गाडीला कॉइलची वायर काढून, प्रेशर येईपर्यंत नुसता स्टार्टर मारायचा, मगच इंजिन सुरू करायचं. थोडं चालवून, बंद करून डिपस्टिक पाहिली की पातळी खाली गेलेली असते, कारण कूलर आणि होज आपल्यापुरतं ऑइल घेतात. तेवढं भरायचं.

इंजिन एकदा जाम झालेलं असेल तर जुना कूलर आम्ही धुऊन परत लावत नाही. पट्ट्यांमध्ये अडकलेली धातूची कीस कितीही धुतली तरी पूर्ण निघत नाही.

वडील आता रोज येत नाहीत, पण गेजचं काम असलं की फोन करून आकडे विचारतात. कामासाठी येणाऱ्यांना एकच विनंती: गाडी सकाळी थंड इंजिननं आणू नका. वंटमुरी किंवा तवंदी घाट चढून, तापलेली तशीच गाळ्यावर आणा, म्हणजे गेज तिथल्या तिथे लावता येतो.