स्टारफील्ड शंभर टक्के करताना: एका जहाजावर भागत नाही

स्टारफील्ड हा अंतराळातला रोल-प्लेइंग गेम शंभर टक्के, म्हणजे सगळ्या अचीव्हमेंट्ससह, पूर्ण करायला बसलेले बरेच जण आधी मुख्य कथा संपवतात आणि बाकीचं नंतर बघू म्हणतात. मी क्रम उलटा ठेवला. कथेच्या शेवटी युनिटी, म्हणजे नव्या विश्वात नेणारं दार, ओलांडली की जहाजं, क्रेडिट्स, आउटपोस्ट (आपण उभारलेली ठाणी), सामान सगळं मागे राहतं. बरोबर येतात ती फक्त लेव्हल, स्किल्स आणि पॉवर्स (अलौकिक शक्ती). त्यामुळे मालवाहतूक, प्रवासी, चोरटा माल, बाउंटी (बक्षीस लावलेल्यांची शिकार) अशी जहाजाच्या जिवावर होणारी सगळी कामं युनिटीच्या आधीच उरकायची, नाहीतर तेच जहाज पुन्हा पहिल्या स्क्रूपासून उभं करावं लागतं.

सप्टेंबर 2023 मध्ये गेम आला तेव्हा 50 अचीव्हमेंट्स होत्या. मुख्य कथा आणि चार फॅक्शनच्या (गटांच्या) कथा पूर्ण केल्या की त्यातला मोठा वाटा आपोआप पडतो. चिवट असतात त्या आकड्यांच्या: लेव्हल 100, शंभर ग्रहांवर उतरणं, तीस अ‍ॅक्टिव्हिटीज. यांच्यासाठी वेगळा वेळ काढायचा नाही, साइड मिशन करता करता त्या भरत जातात. फक्त कॉकपिटमधून नुसतं बघून पुढे जाऊ नका, प्रत्येक नव्या ग्रहावर पाय टेकवा. आणि पीसीवर खेळत असाल तर त्या सेव्हमध्ये कन्सोल कमांड अजिबात टाकू नका. एक कमांड गेली की त्या सेव्हच्या अचीव्हमेंट्स बंद.

सुरुवातीला मिळतं ते फ्रंटियर. हे जहाज सजवण्यात पैसे घालवायचा मोह आवरा. मी त्याचे फक्त शील्ड आणि रिअ‍ॅक्टर बदलले, तेही शिपबिल्डरमध्ये (जहाज तुकड्या-तुकड्याने बांधायच्या स्क्रीनमध्ये) न जाता बंदरावरच्या जहाज तंत्रज्ञाच्या साध्या अपग्रेड मेनूतून. खरी अडचण जहाजाची नसते, पायलटिंग स्किलची असते. जहाजाचा वर्ग रिअ‍ॅक्टरवरून ठरतो. बी वर्ग चालवायला पायलटिंगची तिसरी पायरी लागते, सी वर्गाला चौथी. तुमचा रिअ‍ॅक्टर ए वर्गाचा असेल तर बी किंवा सी वर्गाची तोफ, इंजिन किंवा शील्ड त्यावर बसणारच नाही. पायऱ्या चढायला आधी 5, मग 15, मग 30 जहाजं पाडावी लागतात. मोकळ्या अंतराळात हे करत बसलात तर दुरुस्तीच्या पार्ट्सवरच दिवाळं निघतं. न्यू अटलांटिस शहरात मास्ट या सरकारी इमारतीत व्हॅन्गार्ड या स्वयंसेवी ताफ्याच्या भरती परीक्षेचा सिम्युलेटर आहे. त्यात पाडलेली जहाजंही मोजली जातात, आणि परीक्षा पास होण्याआधी मध्येच उठलं तर पुन्हा बसता येतं. मी तिथेच तिन्ही आकडे भरले. एकच लक्षात ठेवा: आकडा पूर्ण झाल्यावर स्किल पॉइंट टाकल्याशिवाय पुढची पायरी उघडत नाही, आणि पुढच्या पायरीची मोजणी तिथून नव्याने सुरू होते.

आता शिपबिल्डर. इथे नव्या माणसाचे तासन्‌तास जातात, कारण फ्लाइट चेक (जहाज उडण्याजोगं आहे का ते पाहणारी तपासणी) नुसती लाल ओळ दाखवतो, कारण नीट सांगत नाही. रिअ‍ॅक्टर, ग्रॅव्ह ड्राइव्ह (दूरच्या ताऱ्यांकडे उडी मारणारं यंत्र), शील्ड, कॉकपिट, डॉकर (दुसऱ्या जहाजाला जोडायचं दार), लँडिंग बे या सगळ्या गोष्टी प्रत्येकी एकच. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त अडतं ते डॉकरपाशी. डॉकर ज्या दिशेला तोंड करून आहे त्या दिशेला तो सगळ्यात बाहेर असावा लागतो. मी डॉकर छतावर बसवला होता, सगळं जुळलं होतं, तरी लाल ओळ जात नव्हती. मागे इंजिनाच्या वर शोभेसाठी लावलेला एक फिन डॉकरपेक्षा उंच निघाला. फिन काढला, ओळ गेली. लँडिंग बेचंही तसंच: बे आणि लँडिंग गिअर तळाला, एकाच पातळीवर. जहाजाचं वजन वाढलं की गिअरचा थ्रस्ट कमी पडतो. अशा वेळी नवं इंजिन घेऊ नका, गिअरची एक जोडी वाढवा.

वजनाबरोबर मोबिलिटी (वळण्याची चपळाई) घसरते. ती 100 च्या वर जात नाही, म्हणून 100 ला पोचल्यावर आणखी इंजिनं जोडणं म्हणजे क्रेडिट्स पाण्यात. मालवाहू जहाज साठ-सत्तरवरही चालतं, लढाऊ जहाजाची मोबिलिटी मी नव्वदच्या खाली जाऊ दिली नाही. लढताना वेग पूर्ण वर ठेवायचा नाही, पट्टीच्या मधल्या पांढऱ्या भागात ठेवायचा. त्या वेगात जहाज सगळ्यात झटकन वळतं.

दारं आणि शिड्या कुठे येणार ते गेम ठरवतो, तुम्ही नाही. दोन हॅब (जहाजातल्या खोल्या) चार ठिकाणी एकमेकांना भिडले असतील तर दार त्यातल्या भलत्याच जागी उघडतं, आणि कॉकपिटला जायला अख्खं जहाज फिरून दोन शिड्या चढाव्या लागतात. यावर उपाय एकच: हॅब एकमेकांना एकाच चौकोनात भिडतील असे रचा आणि बाकीच्या जागी आतून चालत जाता न येणारा स्ट्रक्चरल भाग घाला. दुसरा रस्ता उरलाच नाही की दार हवं तिथेच येतं. मे 2024 च्या अपडेटमध्ये रिकामे हॅब आले आणि आतली सजावट आपल्या हाताने करता येऊ लागली, दारांचा हट्ट मात्र होता तसाच राहिला. आणि सजवण्याआधी लक्षात घ्या, शिपबिल्डरमध्ये एक तुकडा जरी बदलला तरी आत रॅकवर मांडलेली हत्यारं, टेबलावरचं सामान, लॉकर, सगळं उचलून कार्गो होल्डमध्ये टाकलं जातं. म्हणून बांधकाम आधी, मांडामांड शेवटी.

कुठल्या कंपनीचे पार्ट्स कुठे मिळतात हे माहीत असलं तरी वेळ वाचतो. डेमॉसचा माल मंगळाच्या चंद्राभोवतीच्या स्टारयार्डमध्ये, तायो निऑनमध्ये, होपटेक व्हॅलोमधल्या होपटाउनला, स्ट्राउड-एकलुंड नॅरियनमध्ये. मी एवढा फिरत बसलो नाही. आउटपोस्टवर शिपबिल्डरवालं मोठं लँडिंग पॅड बांधलं की जवळजवळ सगळ्या कंपन्यांचे पार्ट्स एका जागी येतात. तरी एखादा पार्ट दिसत नसेल तर दुकान बदलून उपयोग नाही, तो तुमची लेव्हल आणि स्टारशिप डिझाइन स्किल यांच्यामागे लपलेला असतो.

साइड मिशनसाठी मी तीन जहाजं ठेवली. गेम दहापर्यंत ठेवू देतो, पण तिनाच्या पुढचं सगळं हौसेचं. सगळं एकाच जहाजात कोंबायचा प्रयत्न मीही करून पाहिला. ते जहाज मालही धड वाहत नाही आणि लढतही नाही.

पहिलं माल आणि प्रवाशांसाठी. मिशन बोर्डवरचं मालाचं काम घेतलं की माल तिथेच तुमच्या होल्डमध्ये चढतो, म्हणून काम घेण्याआधी होल्डमध्ये तेवढी मोकळी जागा हवी. होल्ड खनिजांनी भरलेला ठेवून बोर्डसमोर उभं राहणं ही सगळ्यांची नेहमीची चूक. प्रवाशांच्या कामाला क्रूची जागा चालत नाही. हॅबच्या माहितीत क्रू स्टेशन आणि पॅसेंजर स्लॉट हे दोन वेगळे आकडे दिलेले असतात, विकत घेताना दुसरा बघा. क्रूचा आकडा जहाजात कितीही वाढवला तरी शिप कमांड स्किल नसेल तर तिघांच्या वर माणसं घेता येत नाहीत. त्यामुळे क्रू स्टेशनवाले महागडे हॅब सुरुवातीला निरुपयोगी. या जहाजावर मी शस्त्रं जवळपास ठेवलीच नाहीत. कोणी आडवा आला तर ग्रॅव्ह जंप मारून निघायचं. त्यासाठी चालू लढाईत शस्त्रांची पॉवर काढून ग्रॅव्ह ड्राइव्हला द्यायची सवय लावा.

दुसरं चोरट्या मालासाठी, आणि ते फुकट मिळतं. सीक्रेट आउटपोस्टची स्लेट (नोंदीची डिजिटल पाटी) सापडली की डेनेबोला 1-बी वर जायचं. तिथल्या मॅन्टिस नावाच्या योद्ध्याच्या अड्ड्यात शेवटी जमिनीवर अक्षरांच्या फरशा आहेत. टी-वाय-आर-ए-एन-एन-आय-एस, टायरॅनिस, याच क्रमाने पाय टाका. चुकलं की भिंतीतल्या तोफा सुरू होतात. आतले स्पेसर्स (अंतराळातले लुटारू) लहान लेव्हलला जड जातात, त्यामुळे लेव्हल 5 ला घाई करू नका. तिथे मिळणाऱ्या रेझरलीफ या जहाजात शील्डेड कार्गो (बंदराच्या स्कॅनपासून माल लपवणारा होल्ड) आधीपासूनच असतो. शिपबिल्डरमध्ये हे जहाज सुधारताना तो तुकडा चुकूनही विकू नका, साध्या तंत्रज्ञाकडे तो मिळत नाही. नंतर हवा असेल तर रेड माइल हा जुगार अड्डा किंवा क्रिमसन फ्लीट या चाच्यांचं द की हे स्थानक गाठावं लागतं. स्कॅन जॅमरही द कीवरच घेतला. जॅमर आणि डिसेप्शन स्किल दोन्ही असले की स्कॅनमधून सुटायची शक्यता चांगलीच वाढते. चोरटा माल खिशात ठेवून उपयोग नाही, स्कॅनरला तोही दिसतो. स्कॅनची कटकटच नको असेल तर वुल्फ ताऱ्याजवळच्या द डेन या स्थानकाला जा. तिथे स्कॅन न होता ट्रेड अथॉरिटीला माल विकता येतो. दुकानदाराचे पैसे मात्र पटकन संपतात आणि ते भरायला 48 यूटी तास (गेममधल्या प्रमाण वेळेचे तास) लागतात. म्हणून शुक्रावर उतरायचं आणि एका जागी बसून तासभर वाट पाहायची. तिथला एक तास म्हणजे सुमारे शंभर यूटी तास. परतलात की दुकानदाराचा गल्ला भरलेला.

तिसरं लढाईसाठी. लेझर शील्ड उतरवतो, बॅलिस्टिक हल (जहाजाचं कवच) फोडतो, पार्टिकल दोन्हीवर चालतं. शस्त्रांच्या एका गटाची पॉवर मर्यादा 12. व्हॅन्गार्डमध्ये सामील झाल्यावर मिळणारा व्हॅन्गार्ड ऑब्लिटरेटर ऑटोप्रोजेक्टर ए वर्गाचा आहे आणि प्रत्येकी 2 पॉवर खातो, म्हणजे एका गटात सहा बसतात. एवढ्यावर बाउंटीची बहुतेक जहाजं खाली येतात. उरलेली पॉवर शील्डला द्यायची, इंजिनाला थोडी कमी चालते. आपोआप गोळ्या झाडणारे टरेट मात्र या जहाजावर नको, कारण याच जहाजाने बोर्डिंग करायचं असतं. टरेटला जहाज पकडायचंय का फोडायचंय ते कळत नाही. इंजिनं बंद पाडून पाचशे मीटरवर आलात की टरेट शेवटची गोळी घालतो आणि शिकार राख. टरेट असतीलच तर डॉक करण्याआधी त्या गटाची पॉवर शून्य करा.

बोर्डिंगचा क्रम असा. आधी शील्ड संपवा. मग टार्गेटिंग कंट्रोल सिस्टिम्स स्किलने टार्गेट मोड उघडा आणि फक्त इंजिनावर मारा करा. इंजिन शून्यावर आलं की पाचशे मीटरच्या आत जाऊन डॉक. आतली माणसं संपवून पायलटच्या खुर्चीत बसलात की जहाज तुमचं. पण ते सी वर्गाचं असेल आणि पायलटिंग अर्धवट असेल तर तीच खुर्ची तुम्हाला उठवून लावते. घरी नेण्याआधी त्याचा होल्ड उघडून पाहा. स्पेसर्सच्या जहाजात चोरटा माल हमखास असतो, आणि बंदरावरच्या स्कॅनला तो तुमचा की त्यांचा याच्याशी देणंघेणं नसतं. अशी जहाजं विकून श्रीमंत होता येईल असं वाटतं, पण विकण्याआधी नोंदणी करावी लागते आणि ती किमतीचा बहुतांश भाग खाऊन टाकते. मी पकडायचो ते वापरण्यासाठी किंवा स्किल्सची आव्हानं भरण्यासाठी. विकण्यासाठी पकडणं परवडत नाही.

जहाज बदलताना दुसरं जहाज होम शिप (सध्याचं मुख्य जहाज) केलं की पहिल्याचा माल त्यात सरकतो. मालवाहूचा होल्ड भरलेला असताना रेझरलीफवर गेलात तर रेझरलीफ तुडुंब भरतं, नवं काही चढत नाही, आणि मिशनचा माल कुठला, भंगार कुठलं हे शोधत बसावं लागतं. जहाज बदलण्याआधी नको ते विका.

ग्रहांच्या सर्व्हेसाठी जहाज लागत नाही, लागतो तो ऑगस्ट 2024 मध्ये आलेला रेव्ह-8, जमिनीवर चालवायचा गाडा. शिप तंत्रज्ञाकडे 25,000 क्रेडिट्सला मिळतो, जहाजात त्याची वेगळी जागा लागत नाही. त्याच्याआधी ज्यांनी ग्रह पायी सर्व्हे केले त्यांनी चाललेलं अंतर मोजू नये, त्रास होईल.

तिन्ही जहाजांची कामं, चार फॅक्शन आणि शंभर ग्रह झाले की मगच युनिटी. पलीकडे हातात येतं ते स्टारबॉर्न गार्डियन हे जहाज. ते झगमगीत आणि बऱ्यापैकी तगडं आहे, युनिटीच्या दर फेरीला नव्या आवृत्तीत मिळतं, सहाव्या फेरीपर्यंत सुधारत जातं. पण मूळ गेममध्ये ते शिप तंत्रज्ञाकडे न्या, एक स्क्रूही बदलता येत नाही. पॉवर्स दहाव्या पायरीपर्यंत न्यायच्या तर पॉवर्स देणारी 24 मंदिरं दहा वेळा, म्हणजे 240 मंदिरं, आणि त्या फेऱ्यांमध्ये शिपबिल्डर उघडायची गरजच पडत नाही.