पलटणीतला शिपाई, बोटखतातलं कूळ

खेडला रेल्वेतून उतरलं की दापोलीची एस.टी. फुरूस, वाकवली करत तासाभरात वर चढते. वैशाखात या रस्त्यानं गेलात तर खिडकीतून खाचरांच्या कोपऱ्यात काळे चौकोन दिसतात. ते भाजलेले राब, म्हणजे भाताच्या रोपांसाठी पालापाचोळा जाळून तयार केलेली जागा. आम्ही निघालो होतो एका शिपायाच्या शोधात. घराण्यात ‘पलटणीतले आजोबा’ एवढीच ओळख उरलेले खापरपणजोबा, एकोणिसाव्या शतकातले. असा शोध लोक लष्कराच्या कागदांपासून सुरू करतात. तिथंच पहिली चूक होते; खरा धागा गावच्या जमिनीच्या कागदांत असतो.

सुरुवात दापोलीपासून करायला हरकत नाही. पेशवाई संपल्यावर इंग्रजांनी इथं छावणी टाकली. जुनी माणसं अजून ‘कॅम्प दापोली’च म्हणतात. हवा थंड, हर्णै बंदर जवळ, आणि आजूबाजूच्या गावांतले शिपाई मुंबईच्या फौजेत आधीच भरलेले. छावणी उठली तरी पेन्शनर इथं राहिले. डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार निवृत्त होऊन काही काळ इथं होते. महाडकडचे गोपाळबाबा वलंगकरही पलटणीतून सुटल्यावर इथंच स्थिरावले, आणि महारांची भरती बंद झाल्यावर १८९४ साली सरकारकडे दाद मागणारा अर्ज त्यांनी इथूनच लिहिला. आज पाहायला चर्चचे अवशेष आणि गोऱ्यांच्या कबरी आहेत. कबरींवर नावं गोऱ्यांचीच. साध्या शिपायाचं नाव दगडावर शोधण्यात दिवस घालवू नये.

घरात बिल्ला असेल तर मात्र नशीब. पदकाचा दर्शनी भाग सगळ्यांचा सारखाच. माहिती असते ती कडेवर. तिथं क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ब्रासो लावून घासू नका, कडेची अक्षरं तशीच झिजलेली असतात. उन्हात तिरपं धरून भिंगानं वाचा. वाचल्यावरही पलटणीच्या आकड्यानं फसायला होतं. १८२४ साली मुंबईच्या पलटणींना नवे क्रमांक मिळाले, १९०३ साली पुन्हा बदलले. त्या वेळी मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात शंभर मिळवले गेले: पाचवी ती १०५वी, तिसावी ती १३०वी. १९२२ साली १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी एकत्र करून मराठा लाइट इन्फंट्रीची रेजिमेंट बांधली गेली. म्हणजे ‘आमचे आजोबा १०५ पलटणीत, काबूलच्या लढाईला’ असं कुणी सांगितलं तर त्यात दोन पिढ्या मिसळल्या आहेत हे ओळखावं. दुसऱ्या अफगाण युद्धात, १८७८ ते १८८० मध्ये, मुंबईच्या कुठल्याच पलटणीला तीन आकडी क्रमांक नव्हता.

दुसरा घोळ नावाचा. हजेरीपटावर आडनाव बहुधा नसतंच. नाव, फार तर बापाचं नाव, आणि जात. महार शिपायाच्या नावापुढे ‘नाक’ असतं, जातीच्या रकान्यात ‘परवारी’, म्हणजे महारच. गावच्या कागदात तोच माणूस ‘अमुक बिन तमुक’, आणि शाळेत घातलेल्या त्याच्या नातवाचं आडनाव गावावरून ‘कर’ लावलेलं. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याला गेलात की याचं सर्वांत ठळक उदाहरण समोर येतं. मालोजी सकपाळ फौजेत, त्यांचे पुत्र रामजी सकपाळ सुभेदार, आणि त्यांचे पुत्र भीमराव शाळेत आंबडवेकर, पुढे आंबेडकर. तीन पिढ्या, तीन आडनावं. म्हणून आडनाव धरून शोधू नका; माणूस, बाप आणि गाव ही तिन्ही एकत्र जुळली तरच पुढे जा.

आता खरा शोध. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जायचं आणि अर्जात गावाचं नाव ‘मौजे’ लावून लिहायचं. एकोणिसाव्या शतकात मंडणगड हा दापोली तालुक्याचा पेटा, म्हणजे पोटविभाग, होता आणि गुहागर चिपळूणचा. कागद जुन्या तालुक्याच्या नावानं बांधलेला असू शकतो, दोन्ही ठिकाणी विचारा. सात-बाऱ्यावरून मागे फेरफार, फेरफारावरून जुना सर्व्हे नंबर, आणि मग खोती गाव असेल, म्हणजे सारा वसूल करणारा वतनदार खोत असलेलं, तर बोटखत. १८८०च्या खोती कायद्याखाली झालेल्या या नोंदवहीत कोणतं कूळ कोणती जमीन कसतं आणि खोताला काय देणं लागतं, हे नंबरवार आहे. लिपी मोडी. शब्द सुटे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो, त्यामुळे नावं वाचताना चकवा बसतो. जाणकार वाचक आधी ठरवून घ्या. कचेरीत उभ्या उभ्या वाचता येईल, ही समजूत आमची एका दिवसात उतरली. शके दिसलं तर ७८ मिळवा. पण नोंद माघ-फाल्गुनातली असेल तर ७९, कारण इंग्रजी साल तोवर बदललेलं असतं.

शिपायाचं घर बोटखतात कळतं ते असं. देणं ‘अर्धेल’ असेल तर निम्मं पीक खोताचं, ‘तिर्धेल’ असेल तर तिसरा हिस्सा. उभ्या पिकाची अभावणी खोत करणार, म्हणजे किती पिकलं तेही तोच ठरवणार, आणि वर वेठ. घरचा कर्ता पलटणीत गेला म्हणून हिस्सा कमी होत नसे. शिपायाचा पगार महिना सात रुपये, त्यातूनच त्यानं पोट भरायचं. सातचे नऊ झाले ते १८९५ साली. तरी तो रोख पैसा होता, आणि अभावणीला बसत नव्हता. भरतीचं कारण शौर्यात शोधणारे खुशाल शोधोत. मला ते या रकान्यात दिसतं.

मग नंबर घेऊन शेतावर. कोकणात जमीन दोन तऱ्हेची: पाणी धरणारं भाताचं खाचर, आणि उतारावरची वरकस. वरकसात पहिल्या वर्षी नाचणी, मग वरी किंवा हरीक, आणि पुढे काही वर्षं पडीक. भाताचं काम मात्र हिवाळ्यातच सुरू होतं. ऐन-किंजळीची कवळं, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडून रचायची. तरव्याच्या, म्हणजे रोपांच्या, जागेवर शेण, त्यावर कवळ, त्यावर पातेरा (वाळका पाला) आणि गवत, शेवटी मातीचा पातळ थर. लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दहाव्या भागाला राब लागतो, एकराला चार गुंठे. जाळ वाऱ्याच्या विरुद्ध बाजूनं लावायचा, म्हणजे धुमसत जळतो, माती भाजते आणि तणाचं बी मरतं. वाऱ्याबरोबर लावला तर भडकून वरचंच जळतं आणि राख उडून जाते. वळवानं कवळ भिजलं तर ते वर्ष तणाचं. मृगात पेरणी, तीन-साडेतीन आठवड्यांत तरवा काढून मुठी बांधायच्या, चिखळणी आणि लावणी. हे सगळं आषाढापर्यंत उरकायचं.

आणि नेमक्या याच महिन्यांत समुद्र बंद. मुंबईहून हर्णै-दाभोळला गलबतं आणि पुढे आगबोटी येत, त्या पावसाळ्यापुरत्या थांबत. रजेवरचा शिपाई राबाच्या वेळी घरी पोचला असेल, कापणीलाही. लावणीला बहुधा नाहीच. जोताला भाऊ, नाहीतर गावातला सावड घालणारा, म्हणजे कामाच्या बदल्यात काम करणारा, आणि चिखलात ओणव्या बाया. बोटखतात नाव शिपायाचं, खाचर त्यांचं.

भूमी अभिलेख कार्यालयातून टिपणाची, म्हणजे मोजणीच्या आराखड्याची, नक्कल घेतली असेल तर बांधावर उभं राहून ती फिरवून पाहा. आमच्या टिपणात एक बाजू वाकडी होती. नक्कल करणाऱ्याची चूक वाटली. पण तिथून पऱ्या, म्हणजे ओढा, वाहतो, आणि बांध अजून तसाच वाकडा आहे. त्याच कोपऱ्यात, चारेक गुंठ्यांवर, यंदाचा राब भाजलेला होता.