पाण्याचा अहवाल चौघांनी लिहायचा, तर फाइली कशा लावाव्यात

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर ते गोकाक पट्ट्यातल्या विहिरींच्या पाण्याचा अहवाल करायचा तर नमुने एक जण घेतो, तपासणी दुसरीकडे होते, नकाशे तिसरा काढतो आणि मजकुरात सगळ्यांचे हात असतात. मग ‘फायनल’, ‘फायनल-२’, ‘खरा फायनल’ साचतात आणि तक्त्यातला आकडा कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून आमची कसोटी एकच. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर प्रकल्प उतरवला की एका कमांडमध्ये तोच पीडीएफ निघाला पाहिजे.

फोल्डर चार पुरतात: मूळ, स्क्रिप्ट (आकडेमोड करणारे छोटे प्रोग्रॅम), निर्मित (त्यांतून निघालेले तक्ते-नकाशे), मजकूर. फोल्डर-फाइलींची नावे मात्र लहान इंग्रजी अक्षरांत, मोकळी जागा न सोडता ठेवावीत. प्रयोगशाळेची शीट आली तशी ‘मूळ’मध्ये जाते आणि केवळ वाचण्यापुरती राहते. चूक दिसली तरी तिथे हात लावायचा नाही, दुरुस्ती कारणासह स्क्रिप्टमध्ये करायची. ‘निर्मित’ फोल्डर कधीही पुसता आला पाहिजे, कारण त्यातले सगळे स्क्रिप्टमधून पुन्हा निघते.

सर्वांत जास्त घोळ गावांच्या नावांचा. जिल्ह्याचेच अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ मध्ये बदलले. जुन्या शीटमध्ये बेलगाम, नव्यात बेळगावी, आपल्या वहीत बेळगाव. गावे तर मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्हींत येतात. नावावरून दोन तक्ते जोडले की न जुळलेल्या ओळी गुपचूप गळतात, एररही येत नाही. त्यातच ‘ऱ्य’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्याला सारखाच दिसतो, संगणकाला नाही. म्हणून प्रत्येक विहिरीला एक कोड द्यावा, तिन्ही भाषांतली नावे आणि अक्षांश-रेखांश एकाच स्थळ-तक्त्यात ठेवावेत आणि इतर सगळीकडे फक्त कोड वापरावा.

एकक स्तंभाच्या नावातच हवे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००) नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. पण काही अहवाल नायट्रेटमधला नायट्रोजन देतात. त्याला ४.४३ ने गुणल्याशिवाय तुलना करता येत नाही. नुसते ‘नायट्रेट १२’ लिहिलेले असेल, तर पाणी सुरक्षित की धोक्याचे हे ठरवताच येत नाही, आणि ते पाणी कुणीतरी रोज पीत असते.

मजकूर क्वार्टोमध्ये (साध्या मजकुरातून पीडीएफ किंवा वर्ड प्रत काढणारे सॉफ्टवेअर), प्रत्येक प्रकरणाची फाइल वेगळी, आणि एका ओळीत एकच वाक्य. फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारे गिट हे सॉफ्टवेअर बदल ओळीनुसार पाहते, त्यामुळे अख्खा परिच्छेद एका ओळीत असेल तर दोघांच्या किरकोळ दुरुस्त्याही एकमेकींवर आदळतात. लागून असलेल्या ओळी दोघांनी बदलल्या तरी तेच होते. तेव्हा प्रकरणे आधी वाटून घ्यावीत. मजकुरातले आकडे हाताने टंकू नयेत, ते थेट डेटातून यावेत.

पीडीएफची पाने जुळवायला झीलेटेक किंवा लुआलेटेक हे प्रोग्रॅम. लुआलेटेकला हार्फबझ रेंडरर (अक्षरे जोडून मांडणारा भाग) सांगावा, नाहीतर जोडाक्षरे बिघडू शकतात. देवनागरी आणि कन्नडचे नोटो फॉन्ट प्रकल्पातच ठेवून त्यांचा पत्ता द्यावा, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर काम अडत नाही. ड्रोनची चित्रे गिटमध्ये टाकू नयेत. गिटमधले प्रकल्प ऑनलाइन ठेवणारी गिटहब ही साइट १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही, आणि मागाहून पुसली तरी ती गिटच्या इतिहासात उरतेच.

मार्गदर्शक सर वर्डमध्येच शेरे देणार असतील, तर वर्ड प्रत काढून द्यावी. परत आलेले शेरे एकानेच मूळ मजकुरात उतरवावेत आणि ती वर्ड फाइल पुढे कुणाला पाठवू नये.